गरम मशीन आणि सासूबाईंचं शेत

मशीन पहिल्यांदा बंद पडलं तेव्हा मी कणीक मळत होते. आधी त्याचा पंखा ओरडायला लागला, घाटात दुसऱ्या गिअरमध्ये चढणाऱ्या ट्रकसारखा. मग टीव्हीवर पाटी आली की मशीन फार गरम झालंय. आणि मग सगळं काळं. त्यापाठोपाठ हॉलमधून आईंचा आवाज आला, "अगं, गेलं की गं समदं!"

आई म्हणजे माझ्या सासूबाई. मशीन म्हणजे माझ्या मुलाचं गेम खेळायचं कन्सोल. आणि समदं म्हणजे सासूबाईंचं शेत. हे सगळं एका घरात कसं जमा झालं ते सांगते, पण मला सावकाश सांगता येत नाही, हे आधीच बोलून ठेवते. माझा स्वभावच तसा. कुकरची शिट्टी व्हायच्या आधी मी गॅसपाशी जाऊन उभी राहते.

आईंचं लग्नानंतरचं सगळं आयुष्य लोहगडवाडीत गेलं. किल्ल्याच्या पायथ्याला घर, घरामागं भाताची खाचरं, खाचरांच्या पलीकडं विहीर. सासरे गेल्यावरही त्या तिथून हलल्या नाहीत. सुट्टीच्या दिवशी गड चढायला येणारी पोरं दारात पाणी मागायची. आई पाणी द्यायच्या आणि वर चार शब्द सुनवायच्या, असली बुटं घालून गड चढत्यात व्हय! मग गेल्या उन्हाळ्यात विहिरीकडं जाताना बांधाच्या वळणावर एका दगडाला ठेच लागली आणि त्या पडल्या. खुब्याचं हाड मोडलं. तळेगावला ऑपरेशन झालं आणि तिथून आम्ही त्यांना थेट लोणावळ्याला, आमच्या दुसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये आणलं.

माझ्या नवऱ्यानं एकदा विचारलं होतं, कुठला दगड तो, सांग, खणून काढतो. आईंनी तोंड फिरवलं. पडल्याबद्दल त्या कधी एक अक्षर बोलल्या नाहीत. उठता-बसता त्यांचं एकच चालायचं, "मला घरी सोडा."

घरी सोडायला आमची ना नव्हती. पण वाडीतल्या त्या घराला उंबरे, पायऱ्या, अंगणाला उतार. डॉक्टरांनी वॉकर दिला होता आणि बजावलं होतं की हाड जुळलंय, आता पायात बळ आलं पाहिजे, रोज चाला. नाही चालल्या तर पाय आखडेल आणि मग कायमचं अंथरूण. आईंनी डॉक्टरांसमोर मान हलवली आणि घरी येऊन वॉकरवर ओलं लुगडं वाळत घातलं. आमच्याकडं पावसाळ्यात कपडे वाळत नाहीत हे खरं. खिडकी उघडली की धुकं आत, बंद ठेवली की भिंतीला बुरशी. पण म्हणून वॉकरची दोरी करायची?

मी सकाळच्या लोकलनं निघते, घोरावाडीला उतरते, कंपनीत दिवसभर हिशोबाचं काम करते. त्या पावसाळ्यात माझं लक्ष कशातच नव्हतं. उठल्या असतील का? चार पावलं टाकली असतील का? संध्याकाळी धावतपळत घरी येऊन बघावं तर वॉकरवर लुगडं आणि आई खिडकीपाशी, बाहेर काही दिसत नसताना बाहेर बघत. माझी स्वतःची आई अंथरुणाला खिळून गेली. कूस बदलायलासुद्धा माणूस लागायचं तिला. ते मला पुन्हा बघायचं नव्हतं, अगदी स्पष्ट सांगते. मला भीती वाटत होती आणि भीती वाटली की मी ओरडते. मी आईंवर ओरडायचे, त्या माझ्यावर ओरडायच्या, आणि नवरा म्हणायचा, "बघू." नवऱ्याचं सगळ्याला हेच उत्तर. घराला आग लागली तरी हा माणूस "बघू" म्हणेल.

अशात गणपतीला मुलगा पुण्याहून आला. हॉस्टेलवर जाताना त्याचं मशीन मी घरीच ठेवून घेतलं होतं, नाहीतर अभ्यासाचं वाटोळं. आजीची गंमत करायची म्हणून त्यानं एक शेतीचा खेळ लावला आणि रिमोट तिच्या हातात दिला. दोन अंगठ्यांनी चालवायचा तो. पडद्यावर एक माणूस उभा होता, मागं घर, पुढं मोकळं रान.

"ह्यो कुनाचा गडी?" आईंनी विचारलं.

"गडी नाही, तूच आहेस तो. बाई पण करता येते. थांब." पोरानं काहीतरी दाबलं आणि पडद्यावर पुरुषाची बाई झाली.

"आन् ह्ये रान?"

"तुझंच आहे आजी."

आम्ही हसत होतो. आई हसत नव्हत्या. त्यांनी अंगठा हलवला, पडद्यावरची बाई एक पाऊल पुढं गेली, आणि आईंनी तो रिमोट त्या दिवशी जेवायला हाक मारेपर्यंत खाली ठेवला नाही.

मुलगा परत गेल्यावर मी सौदा केला. आधी वॉकर घेऊन गॅलरीत फेऱ्या, मग शेत. फेऱ्या नाहीत तर शेत नाही. माझ्यामागं लक्ष ठेवायचं काम नवऱ्याकडं, कारण त्याची शाळा सकाळची असते आणि दुपारी तो घरी असतो. पहिल्या दिवशी आईंनी माझा उद्धार केला. "माज्याच रानात जायाला मला हिची परवानगी!" पण चालल्या. शिव्या घालत, धापा टाकत, पण रोज चालल्या. दसरा झाला, दिवाळी झाली. पाय उचलायला लागला होता. मी कंपनीतल्या बायकांना सांगत सुटले होते की माझ्यासारखी हुशार बाई मावळात नाही.

आणि मग मशीन तापायला लागलं.

सुरुवातीला तासाभरानं बंद पडायचं. मग अर्ध्या तासात. मग आई पडद्यावर नुसत्या घरातून बाहेर पडून गोठ्यापर्यंत जायच्या, की काळं. त्यांनी चार दिवस वाट बघितली आणि मग गॅलरीत जाणं बंद केलं. का म्हणून मारायच्या फेऱ्या? सौदा मीच केला होता ना. वॉकरवर पुन्हा लुगडं आलं. त्याच्यामागोमाग त्यांची कापडी पिशवी कपाटातून बाहेर आली. तिच्यात दोन लुगडी, चोळ्या, तंबाखूच्या मिश्रीची डबी. पिशवी पलंगाच्या कडेला, बांधून तयार. रोज संध्याकाळी मी ती उचलून कपाटात ठेवायचे आणि सकाळी ती पुन्हा पलंगाशी.

तपासणीला नेलं तेव्हा डॉक्टरांनी पाय वाकवून बघितला. गेल्या खेपेला वाकत होता तिथंही आता वाकत नव्हता. आई कळवळल्या. डॉक्टरांनी त्यांना काही म्हटलं नाही, मला बाजूला घेतलं. ही थंडी अशीच बसून काढली तर पुढं माझ्या हातात काही नाही, म्हणाले. येताना रिक्षात मी आईंशी बोलले नाही. तोंड उघडलं असतं तर रडले असते, आणि रिक्षात रडणं मला आवडत नाही.

दुसऱ्याच दिवशी मशीन पिशवीत घालून बाजारातल्या दुरुस्तीच्या दुकानात नेलं. दुकानदारानं ते उलटसुलट केलं, फुंकर मारली, म्हणाला, ठेवून जा ताई, आठवडाभरानं या. आणि आतला सगळा डेटा उडवायला लागेल बहुतेक, तो राहील याची खात्री नाही देत मी.

"डेटा म्हणजे?"

"म्हणजे गेम पहिल्यापासून. नवीन."

माझ्या डोळ्यासमोर आईंचं शेत आलं. मी ते नीट कधी बघितलंही नव्हतं, संध्याकाळी घाईघाईत टीव्हीसमोरून जाताना दिसेल तेवढंच. पण गणपतीपासून त्यांनी ते उभं केलं होतं. विहीर हवी म्हणून नातवाला फोन करून करून पाण्याची टाकी बसवून घेतली होती, आणि टाकीला त्या विहीरच म्हणायच्या. ते सगळं पुसून टाकून मी त्यांना सांगणार होते, घ्या, पहिल्यापासून करा? एकदा घरातून उठवून आणलेल्या बाईला? मी मशीन उचललं आणि घरी आले.

मुलाला फोन केला तर तो ओरडला, मम्मी, तू उघडू नकोस प्लीज, परीक्षा झाली की मी येतो. परीक्षा कधी संपणार? तर थंडी निम्मी झाल्यावर. नवरा म्हणाला, "बघू." मी म्हटलं, तुम्ही बघत बसा. मी उघडतेय.

मग मी लोकलमध्ये जाता-येता व्हिडिओ बघायला लागले. कामशेत आलं, वडगाव गेलं, माझं लक्ष नाही. एकदा घोरावाडी गेलं आणि देहूरोडला उतरले. पण कळलं मात्र सगळं. आत एक चिप असते, ती तापते. तिच्या डोक्यावर धातूचा ठोकळा बसवलेला असतो, तो उष्णता ओढून घेतो आणि पंखा ती बाहेर फेकतो. चिप आणि ठोकळा यांच्यामध्ये एक पेस्ट असते, थर्मल पेस्ट, म्हणजे दोघं एकमेकांना नीट चिकटून राहावेत. ती वाळली की उष्णता चिपमध्येच अडकते. वर ठोकळ्याच्या पात्यांमध्ये धूळ बसली की झालं. एवढंच! एवढ्याशा गोष्टीसाठी एक म्हातारी अंथरुणाला लागणार होती. मला संताप आला, कुणावर ते माहीत नाही.

पेस्टची नळी ऑनलाइन मागवली. मेडिकलमधून जुनी पेस्ट पुसायला आयसोप्रोपिल आणलं. तिथला पोरगा म्हणाला, जखम झालीये का मावशी? म्हटलं, हो, शेताला. चांदणीच्या तोंडाचा स्क्रूड्रायव्हर हार्डवेअरच्या दुकानात मिळाला.

रविवारी सकाळी पुसून घेतलेल्या जेवणाच्या टेबलावर जुनी चादर अंथरली. खाली रस्त्यावर पर्यटकांच्या गाड्या तुंबल्या होत्या आणि प्रत्येक जण भोंगा दाबून दुसऱ्याला पुढं ढकलत होता. त्यात माझं डोकं आधीच ठणकत होतं. स्क्रू हरवू नयेत म्हणून मी मिसळणाचा डबा रिकामा करून धुऊन घेतला. पहिल्या वाटीत वरच्या झाकणाचे स्क्रू, दुसऱ्या वाटीत आतल्या पत्र्याचे, असं. आई पलंगावरून मान उंच करून बघत होत्या. "डब्यातली मोहरी कुटं ठेवलीस?" त्यांनी विचारलं. मशीनचं काय होतंय याची काळजी नाही, मोहरीची.

झाकण निघालं. पत्रा निघाला. पंखा दिसला आणि मी "अगं बाई!" म्हणून मागं सरकले.

व्हिडिओतल्या मशीनमध्ये करडी धूळ असते. आमच्या मशीनमध्ये लाल आणि पिवळं होतं. पंख्याच्या पात्यांवर लाल थर, ठोकळ्याच्या फटींमध्ये हळद ठासून भरलेली, आमच्या घरातल्या दमटपणानं तिचा पार लगदा होऊन वाळलेला. उदबत्तीची राख. आणि दोन पात्यांच्या मध्ये, अगदी आत, लालसर झालेला तांदळाचा एक दाणा. अक्षता! मशीनच्या पोटात अक्षता!

"आई!"

"काय गं?"

"हे काय आहे?"

त्यांनी डोळे बारीक करून बघितलं. "हळदीकुकू."

"ते मला दिसतंय! मशीनमध्ये कसं गेलं?"

"पेरणीच्या आदी पूजा न्हाई करायची व्हय?" त्या माझ्याकडं अशा बघत होत्या की जणू मीच काहीतरी विचित्र विचारलं. "अवजार हाय त्ये. आमच्यात अवजाराची पूजा केल्याबिगर मातीला हात लावत न्हाईत. तुमच्यात लावत्यात?"

आता ऐका. पेरणीची पूजा वर्षातून एकदा. पण त्या खेळातलं वर्ष आठवडा-दीड आठवड्यात संपतं. म्हणजे गणपतीपासून आईंच्या शेतात पेरण्यावर पेरण्या झाल्या होत्या, आणि प्रत्येक पेरणीला त्यांनी मशीनला हळदीकुंकू वाहिलं, अक्षता टाकल्या, उदबत्ती ओवाळली. वर जाळी आहे ना, हवा आत जायला. सगळं त्या जाळीतून आत. आणि दसऱ्याला वेगळी, मोठी पूजा, झेंडूसकट.

मी नवऱ्याकडं बघितलं. तो दुपारी घरी असतो. "तुम्हाला माहीत होतं?"

"मला वाटलं तुला माहीत आहे," तो म्हणाला.

मी जे बोलले ते इथं लिहीत नाही. खालच्या मजल्यावरच्यांना विचारा, त्यांनी ऐकलंय. आईंनाही बोलले. इतक्या कष्टानं मी तुम्हाला चालायला लावायचं आणि तुम्ही हळदीकुंकू घालून ते बंद पाडायचं! मग पाय आखडला की मी करायचं सगळं, होय ना? आईंनी पिशवी मांडीवर घेतली आणि तिची गाठ सोडून पुन्हा बांधली. बोलून झाल्यावर मला हसू यायला लागलं आणि हसता हसता डोळ्यात पाणी. इतक्या मनापासून त्या मशीनची पूजा कोणी केली नसेल. जगात कुठंच.

रडून झाल्यावर कामाला लागले. जुना टूथब्रश, कान साफ करायच्या कापसाच्या काड्या, टाचणी. पंखा बोटानं धरून ठेवला, तो फिरू द्यायचा नसतो, आणि एकेक पातं पुसलं. कुंकू निघता निघेना. ठोकळ्याच्या फटीतली हळद टाचणीनं कोरून काढली. अक्षत काढायला चिमटा लागला. ती मी टाकली नाही, खिडकीतल्या तुळशीत ठेवली. का, ते विचारू नका. धैर्य नव्हतं टाकायचं.

मग ठोकळा काढला. खाली चिप, आणि चिपवर ती जुनी पेस्ट, डबीत राहून वाळलेल्या चुन्यासारखी. खरवडायची नाही हे व्हिडिओवाल्यानं दहा वेळा सांगितलं होतं. फडक्याला आयसोप्रोपिल लावून हळूहळू पुसत राहिले. हळूहळू! मी! माझे हात शिवशिवत होते, एकदा नखानं ओरबाडलं की झालं असं वाटत होतं. पण त्या आरशासारख्या चिपच्या आत आईंचं शेत आहे असंच मला वाटत होतं. ते तिथं नसतं, डिस्कवर असतं, हे मला माहीत आहे. तरीही. चिप लखलखीत झाली तेव्हा मी नळी उघडून वाटाण्याएवढी पेस्ट मधोमध ठेवली, वर ठोकळा बसवला आणि समोरासमोरचे स्क्रू थोडे थोडे आवळत आणले.

सगळं बंद केलं. वायरी जोडल्या. मिसळणाच्या डब्यात एकही स्क्रू उरला नव्हता. बटण दाबलं. दिवा लागला, आणि लगेच गेला.

पुन्हा दाबलं. पुन्हा तेच.

आई पलंगावरून बघत होत्या. नवरा काही म्हणायला तोंड उघडत होता, मी म्हटलं, "बघू म्हणालात तर याद राखा." बिघडवलं मी. दुकानदारानं निदान मशीन तरी परत दिलं असतं. मी खुर्चीत बसले, उठले, पुन्हा बसले, आणि मग पुन्हा सगळे स्क्रू काढले. पत्रा काढला. पंख्याची छोटी वायर तशीच लोंबत होती. खोचायलाच विसरले होते. मी ती खोचली, टिक करून आवाज आला, आणि माझ्या तोंडातून अशी शिवी गेली की आई हसल्या. कित्येक दिवसांत पहिल्यांदा.

या खेपेला दिवा लागला आणि लागून राहिला. टीव्हीवर शेत आलं. आवाज? काहीच नाही. मी मशीनला कान लावला तर पंखा अगदी मंद, झोपलेल्या बाळासारखा. जीव भांड्यात पडला. गहू तसाच उभा होता.

"आता आधी फेऱ्या," मी म्हटलं. सवयच ती.

"आदी बगू दे," आई म्हणाल्या. भांडायचं त्राण माझ्यात उरलं नव्हतं. शिवाय मला मशीनवर नजर ठेवायची होती, तासभर चाललं तरच खरं. म्हणून मी त्यांच्या शेजारी बसले. तेव्हा लक्षात आलं, इतक्या महिन्यांत मी पहिल्यांदाच बसले होते. सौदा करायला मी पुढं, पण त्या तिथं जाऊन काय करतात ते मी कधी बघितलंच नव्हतं.

मला वाटायचं ट्रॅक्टर चालवत असतील, गहू कापत असतील. तसलं काही नाही. त्या खेळात पगारी गडी लावता येतो. आईंनी एक बटण दाबून ट्रॅक्टर गड्याच्या ताब्यात दिला आणि आपण घरातून निघाल्या. चालत. गोठ्यावरून, शेताच्या कडेकडेनं, टाकीपर्यंत. म्हणजे विहिरीपर्यंत. तिथं थोडं थांबल्या. मग परत, शेताच्या कडेनं घरी. मग पुन्हा विहीर. गहू पिकून उभा, त्याच्याकडं बघितलंसुद्धा नाही. नुसत्या चालत होत्या.

कडेच्या वळणावर मात्र दर खेपेला पडद्यावरची बाई थबकायची, डावीकडं वळसा घालायची आणि मग सरळ व्हायची. जमीन तर मोकळी होती. मला वाटलं रिमोट बिघडला. एक दुरुस्त केलं तर दुसरं!

"आई, रिमोटची अंगठ्याखालची काठी अडकतेय का?"

"न्हाई." त्यांनी मान हलवली.

थोड्या वेळानं त्या आपणहून बोलल्या, पडद्यावरून नजर न काढता. "तितं चालताना दुकत न्हाई बग." आणि मग, "तुज्या त्या ग्यालरीत चालून जायाचं कुटं? टोकाला गेलं की भितच."

महिनोन् महिने मी त्यांना भिंतीपर्यंत पाठवत होते आणि भिंतीपासून परत आणत होते. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही. आईंनी बघून न बघितल्यासारखं केलं.

आमच्या फ्लॅटला आतल्या खोलीच्या दारापासून एक अरुंद बोळ आहे, तो सरळ टीव्हीसमोर येतो. मी उठले, वॉकरवरचं लुगडं काढून खुर्चीवर टाकलं आणि वॉकर बोळाच्या टोकाला नेऊन ठेवला. "या इकडं. तुम्ही इथून चाला. रिमोट मी धरते."

"आन् तितं?"

"तिथंही तुम्हीच. मी नुसतं बटण दाबणार. कुठं वळायचं ते तुम्ही सांगा."

नवरा आईंना धरून बोळापर्यंत घेऊन गेला. त्यांनी वॉकर पकडला. पडद्यावर ती बाई घराच्या दारात उभी होती. बोळात आई उभ्या होत्या. वॉकर उचलून पुढं टेकल्याचा आवाज आला की मी अंगठा जरासा ढकलायचा, थांबला की सोडायचा. ती बाई आईंच्या चालीनं चालायला लागली. म्हणजे फार हळू. माझ्याच्यानं एवढं हळू कधी काही झालेलं नाही.

"दमानं," आई मागून म्हणाल्या. "लय पळवू नगस मला."

गोठा गेला. मी शेताच्या कडेला वळवलं. मागं आईंचा श्वास ऐकू येत होता, पायात कळ येत असणार, पण त्या थांबत नव्हत्या. टाकी दूर दिसायला लागली. वळण आलं. मी अंगठा सरळच ठेवला होता.

"थांब!"

त्या एवढ्या जोरात ओरडल्या की नवरा धावला. मी अंगठा सोडला. पडद्यावरची बाई जागच्या जागी थांबली. तिच्या पायांपुढं सपाट माती होती, काहीही नव्हतं.

"तितं दगड हाय," आई म्हणाल्या.

नवऱ्यानं आईंकडं बघितलं, मग पडद्याकडं. तो "बघू" म्हणाला नाही. मला एकदम सगळं कळलं, दर खेपेचा तो वळसाही. मी तिला डावीकडून वळसा घातला, अगदी सावकाश, दगडाला पदरही लागणार नाही असा, आणि पलीकडं नेऊन थांबले. मग वॉकर पुढं टेकला, आणि त्याच्यामागून पाऊल.